गिटारच्या लॉकिंग चाव्या : विकण्याआधी काय पाहावे?

गुरुवारची दुपार. खांद्याला गिटार अडकवलेला एक कॉलेजचा मुलगा दुकानाची पायरी चढतो. म्हणतो, "चाचा, हिचा सूर टिकत नाही. शनिवारी कार्यक्रम आहे. लॉकिंग चाव्या टाकून द्या, मी नेटवर सगळं बघितलंय." वाद्यदुरुस्तीचे दुकान मुंबईत असो, पुण्यात असो की मडगावला, हा प्रसंग कोणत्याही दुकानदाराला ओळखीचा वाटेल.

आता दुकानदारापुढे दोन रस्ते असतात. संच काढायचा, तासाभरात बसवायचा, पैसे घ्यायचे आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचे, हा पहिला. दुसरा म्हणजे गिटार हातात घेऊन आधी दुखणे तपासायचे. पहिल्या रस्त्याने आजचा गल्ला भरतो. पण शनिवारी रात्री मंचावर दुसऱ्याच गाण्याला सूर पुन्हा उतरला, तर तो मुलगा दुकानाचे तोंड पाहणार नाही आणि आपल्या दहा मित्रांनाही पाहू देणार नाही. त्यातून चावी बसवण्यासाठी गिटारच्या डोक्याला चुकीचे भोक पाडले असेल, तर ते नुकसान आयुष्यभराचे असते. लाकूड एकदा गेले की परत येत नाही.

म्हणून या आठवड्यात लॉकिंग चाव्यांची माहिती देत आहोत. त्या काय करतात, काय करत नाहीत, कोणत्या गिटारला कोणता संच चालतो आणि कोणाला त्या विकूच नयेत, हे दुरुस्ती करणाऱ्याला आणि माल विकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायला हवे.

आपल्या कारागिराचा याच्याशी संबंध काय?

कोणी म्हणेल, इलेक्ट्रिक गिटार हे अमेरिकेचे वाद्य, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरा बनवण्याचे काम चालत आले आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तलवारीचे काम मंदावल्यावर हा धंदा धरला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कामात पिढ्यान्पिढ्या मुरलेल्या कारागिराला खुंटी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही.

सतारीची खुंटी निमुळती असते. ती निमुळत्या भोकात घट्ट बसते आणि लाकडावर लाकूड घासून जी पकड मिळते, त्या पकडीवर तारेचा ताण तोलला जातो. पकड सैल झाली की खडू लावायचा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडली की ती काढून साफ करायची. भोक आणि खुंटी यांचा मेळ बसवण्यासाठी कारागीर रीमर फिरवतो आणि केसाएवढा फरकही हाताने ओळखतो. गिटारच्या डोक्यावर नवी चावी बसवताना नेमका हाच हात लागतो. आज प्रवासी सतारींवर आणि छोट्या इलेक्ट्रिक तंबोऱ्यांवर गिटारच्याच दातेरी चाव्या बसवलेल्या दिसतात. म्हणजे हे दोन धंदे आता एकमेकांच्या शेजारी येऊन बसले आहेत. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार कित्येक दशके वाजत आहे. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, हॉटेले, कॉलेजची गॅदरिंगे आणि गोव्यातील बँड यांत ती रोजच्या वापरात आहे. वाजवणारे वाढले की दुरुस्तीही वाढते.

साधी चावी कशी चालते?

गिटारच्या चावीत आतून दोनच मुख्य भाग असतात. बोटाने फिरवायच्या दांडीवर एक आटेदार स्क्रू असतो आणि त्याला लागून एक दातेरी चाक. त्या चाकाला जोडलेल्या खांबावर तार गुंडाळली जाते. स्क्रू फिरला की चाक फिरते, पण चाक स्क्रूला फिरवू शकत नाही. त्यामुळे तारेने कितीही ओढले तरी चांगल्या स्थितीतली चावी आपोआप उलटी फिरत नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण "चावी सरकते" ही तक्रार दहापैकी बहुतेक वेळा चुकीची असते. दाते झिजलेले किंवा चावीचा स्क्रू ढिला झालेला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी चावी जागच्या जागीच असते आणि सरकते ती तार. खांबावर तारेचे चार-पाच ढिले वेढे पडलेले असले की वाजवताना ते हळूहळू आवळत जातात आणि सूर उतरतो.

चावीत थोडी पोकळ हालचाल मात्र असू शकते. म्हणून सूर नेहमी खालून वर आणावा. तार चढली असेल तर सुराच्या खाली उतरवून पुन्हा वर चढवावी, म्हणजे दाते एकमेकांवर टेकलेले राहतात. ही सवय गिऱ्हाइकाला दाखवून दिली तर काही वेळा तेवढ्यानेच त्याचे अर्धे काम होते.

सूर नेमका कोठे जातो?

तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. प्रथम पाहायचे की तारा किती जुन्या आहेत. गंजलेल्या, काळ्या पडलेल्या तारांवर सुराची परीक्षा करणे व्यर्थ आहे. तारा अगदी नव्या असतील तर त्या ताणल्या आहेत का ते विचारावे. नवी तार हाताने हलके ओढून पुन्हा सुरात लावणे, असे तीन-चार वेळा केल्यावरच ती बसते.

त्यानंतर गिटार सुरात लावून खालील परीक्षा घ्यावी.

ट्रेमोलोचा दांडा असलेल्या गिटारवर दांडा खाली दाबून सोडा. सोडल्यावर तार मूळ सुराच्या वर थांबली, तर ती नटच्या खाचेत अडकली आहे असे समजा. दांडा दाबल्यावर तारेचा थोडा भाग नटमधून चावीकडे सरकला, पण सोडल्यावर खाच त्याला परत येऊ देत नाही.

दांडा नसेल तर एक तार बोटाने जोरात ताणून सोडा. सूर उतरला, तर नट आणि चावी यांमधल्या भागावर तार बोटाने किंचित दाबून सोडा. त्याने सूर परत जागेवर आला, तर दोष पुन्हा नटचाच. दाबूनही सूर खालीच राहिला, तर खांबावर तार सरकली असावी किंवा ती अजून ताणली गेलेली नाही.

सूर लावताना नटजवळून "टिक्" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का, तेही ऐका. तार खाचेत चिकटते आणि मग सुटते, त्याचा हा आवाज असतो.

नटचा दोष निघाला तर उपाय स्वस्त आहे. साध्या पेन्सिलीचे शिसे खाचेत घासले तरी फरक पडतो. खाच अरुंद असेल तर तारेच्या जाडीची बारीक कानस घेऊन ती हळूच मोकळी करावी. ही कानस चालवताना घाई करू नये. खाच खोल गेली की तार पहिल्या पडद्यावर खरखरते आणि नट बदलावा लागतो. डोक्यावर तारा खाली दाबून धरणारे छोटे आकडे असतील तर तेथेही तार अडकते. ट्रेमोलोच्या पुलाची धार झिजली असेल किंवा मागच्या स्प्रिंगा असमान ओढत असतील, तरी सूर जागेवर येत नाही.

यांतील एकही दुखणे लॉकिंग चावीने बरे होत नाही. जी चावी नटची खाच मोकळी करू शकत नाही, ती नटचा दोष काढते असे सांगून विकणे हा गिऱ्हाइकाचा विश्वासघात आहे.

मग लॉकिंग चावी काय करते?

लॉकिंग चावीत खांबाच्या भोकात तार घालून ती आतच चिमटीत पकडली जाते. त्यामुळे साध्या चावीवर जाड तारेचे दोन-तीन आणि बारीक तारेचे त्याहून जास्त वेढे द्यावे लागतात, तेथे एक वेढाही पूर्ण करावा लागत नाही. अर्ध्या-पाऊण वळणात तार सुरात येते. वेढेच नसल्याने ते आवळण्याचा किंवा सरकण्याचा प्रश्न उरत नाही.

तिचा खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो. पहिला फायदा तार बदलण्याच्या वेगाचा. कार्यक्रमात तार तुटली तर मिनिट-दोन मिनिटांत दुसरी चढते आणि व्यावसायिक वादकाला एवढ्यासाठीही पैसे मोजणे परवडते. दुसरा फायदा ट्रेमोलोचा भरपूर वापर करणाऱ्या गिटारवर दिसतो, पण नट चांगला असेल तरच.

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातील बॉब स्पर्झेल यांच्या कंपनीने अशा चाव्यांमध्ये मोठे नाव कमावले. जर्मनीची शालर, जपानची गोतो आणि अमेरिकेच्या ग्रोव्हर व हिपशॉट या नावांचे लॉकिंग संच जगभर विकले जातात. त्यांच्यासारखे दिसणारे बिननावाचे चिनी संचही बाजारात भरपूर आहेत.

येथे एक घोळ टाळावा. फ्लॉइड रोझ या पद्धतीत तारा नटवरच पट्ट्यांखाली आवळून बंद केल्या जातात आणि बारीक सूर पुलावरच्या स्क्रूंनी लावला जातो. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. अशा गिटारवर नटच्या पलीकडे चावी कशी आहे, याने सुराला फारसा फरक पडत नाही. तेव्हा फ्लॉइड रोझवाल्याला लॉकिंग चाव्या विकणे म्हणजे कुलूप लावलेल्या पेटीला दुसरे कुलूप विकणे होय.

पकडीचे चार प्रकार

बाजारात चार तऱ्हेच्या पकडी दिसतात.

पहिली, मागच्या बाजूला चकती असलेली. चकती बोटाने फिरवली की पोकळ खांबातून एक पिन वर येऊन तार दाबते. ही सर्वांत जास्त चालणारी आणि समजायला सोपी. मात्र चकती बोटानेच आवळावी. पक्कड लावून आवळली तर पिन बारीक तारेला चेपते आणि तार तेथेच तुटते.

दुसरी, खांबाच्या माथ्यावर आवळायचा स्क्रू किंवा चकती असलेली. हिची पकड समोरून दिसते. काही संचांना नाण्याची किंवा स्क्रू ड्रायव्हरची गरज पडते, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

तिसरी, आपोआप पकडणारी. खांब फिरू लागला की आतला भाग तारेला आवळतो आणि वेगळी चकती फिरवावी लागत नाही. गोतोची मॅग्नम लॉक या जातीची. सवय झाली की वापर सर्वांत जलद. तार काढताना मात्र खांब उलटा पूर्ण सोडवावा लागतो, नाहीतर नवखा माणूस ओढाताण करतो.

चौथी, तार पकडून जादा टोक कापणारी. प्लॅनेट वेव्ह्ज या नावाने अशा चाव्या प्रसिद्ध झाल्या. कात्री लागत नाही ही सोय.

कोणती चांगली, याचे एक उत्तर नाही. कमी वापरणाऱ्याला पहिली पुरते. रोज मंचावर उभे राहणाऱ्याने तिसरी हाताळून पाहावी.

मापे घेतल्याशिवाय माल मागवू नये

सगळ्यात जास्त नुकसान येथेच होते. गिटारची जुनी एक चावी काढून कॅलिपरने पुढील मापे घ्या आणि कागदावर लिहा.

भोकाचा व्यास. आजच्या बहुतेक बंद चाव्यांना सुमारे १० मिलिमीटरचे भोक लागते. जुन्या पद्धतीच्या क्लूसन चाव्यांचे भोक मात्र सुमारे ८.७ मिलिमीटर, म्हणजे ११/३२ इंच असते. जुन्या गिटारांवर आणि जुन्या नमुन्याच्या नव्या गिटारांवरही हे लहान भोक आढळते. लहान भोकात बसतील असे लॉकिंग संचही मिळतात. ते शोधावेत, भोक मोठे करण्याची घाई करू नये.

स्क्रूची जागा. काही चाव्यांना एका बाजूला तिरका एक स्क्रू असतो, काहींना सरळ ओळीत दोन. फेंडरच्या अनेक आधुनिक गिटारांवर स्क्रूच नसतो. चावीच्या पाठीला दोन लहान पिना असतात आणि त्या लाकडातल्या बारीक भोकांत बसतात. नव्या चावीचा ठसा जुन्याशी जुळला नाही, तर जुनी भोके उघडी दिसतात आणि गिऱ्हाइकाचे तोंड पडते.

रचना. फेंडरसारख्या डोक्यावर सहाही चाव्या एका ओळीत असतात. गिब्सनसारख्या डोक्यावर तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या. तीन-तीनच्या संचात डाव्या आणि उजव्या चाव्या वेगळ्या असतात. डावखुऱ्याची गिटार किंवा उलट्या डोक्याची गिटार असेल तर मागणी देताना तसे स्पष्ट लिहावे. सात तारांची गिटार असेल तर सातवी चावी कोणत्या बाजूला, तेही लिहावे.

डोक्याची जाडी आणि खांबाची उंची. जाड डोक्यावर आखूड बुश पुरत नाही आणि नट आट्यांवर नीट चढत नाही. एका ओळीच्या सरळ डोक्यावर खांब उतरत्या उंचीचे असले तर बारीक तारा नटवर चांगल्या दाबल्या जातात आणि काही वेळा वरचे आकडे काढून टाकता येतात. मागे झुकलेल्या डोक्यावर, म्हणजे गिब्सनच्या पद्धतीत, तो कोन आधीच मिळतो. तेथे उतरत्या खांबांसाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही.

दोन चाव्यांमधले अंतर. एका ओळीच्या डोक्यावर चाव्या अगदी शेजारी शेजारी असतात. नव्या चावीचे घर रुंद असेल तर दुसरी तिच्याशेजारी बसतच नाही.

प्रमाण, वजन आणि मुलामा

जाहिरातीत १४:१, १५:१, १८:१ असे आकडे दिसतात. १४:१ म्हणजे बोटाची दांडी चौदा वेळा फिरली की खांब एकदा फिरतो. आकडा मोठा तसा सूर बारीक लावता येतो, पण फिरवणेही जास्त पडते. लॉकिंग चावीवर वेढे कमी असल्याने १८:१ चा त्रास वाटत नाही. आकडा मोठा म्हणून माल चांगला, असे मात्र नाही. दात्यांचे काम कच्चे असेल तर आकडा फक्त डब्यावरच राहतो.

वजनाकडे फार थोडे लोक बघतात. लॉकिंग यंत्रणेमुळे सहा चाव्यांचे वजन वाढू शकते. हलक्या धडाच्या गिटारवर, विशेषतः गिब्सन एसजीसारख्या आकारावर, डोके जड झाले की पट्ट्यावर लटकवलेली गिटार तोंड खाली करते आणि वादकाला डाव्या हाताने ती सावरत बसावे लागते. जुना आणि नवा संच शेजारच्या सराफाच्या काट्यावर एकदा तोलून पाहावा. डोके आधीच जड असेल तर हलक्या ॲल्युमिनियमच्या चाव्या सुचवाव्यात.

मुलाम्याचे म्हणाल तर आपल्या कोकणपट्टीच्या हवेचा विचार करावा. मुंबई, रत्नागिरी, गोवा येथील खारी दमट हवा आणि मंचावरचा घाम यांत सोनेरी मुलामा लवकर उतरतो. काळा मुलामा कडांवर खरवडतो. निकेल काळवंडते. क्रोम सर्वांत जास्त टिकते. गिऱ्हाइकाला सोनेरीच हवे असेल तर द्यावे, पण दोन पावसाळ्यांनंतर ते कसे दिसेल हे आजच सांगून ठेवावे.

बिननावाचा संच घेताना सहाही चाव्या हातात फिरवून पाहाव्यात. एखादी मध्येच अडते का, दांडी डोलते का, चकतीचे आटे स्वच्छ आहेत का? सहापैकी पाच चांगल्या आणि एक खराब, असे स्वस्त मालात होते आणि वादकाला ती एकच आठवत राहते. मोठ्या नावाचे नकली संचही फिरतात. डब्यावर नाव आणि भाव यांचा मेळ बसत नसेल तर सावध राहावे. घाऊक मागणीपूर्वी एक संच घेऊन आपल्याच दुकानातल्या गिटारवर महिनाभर वापरून पाहणे शहाणपणाचे.

बसवण्याची रीत

तारा सगळ्या एकदम न काढता हळूहळू सैल कराव्यात. ट्रेमोलो असेल तर पुलाखाली लाकडाचा तुकडा द्यावा. जुन्या चाव्या, स्क्रू, वॉशर सगळे एका पाकिटात घालून वर गिऱ्हाइकाचे नाव लिहावे आणि काम झाल्यावर ते त्याच्या हाती द्यावे. गिटार विकायची वेळ आली तर मूळ भागांना किंमत येते. तो माल गिऱ्हाइकाचा आहे, दुकानाचा नव्हे.

भोक वाढवायचेच असेल तर ड्रिल लावू नये. ड्रिलचे पाते जुन्या भोकात अडकून रंगाचा पापुद्रा उडवते आणि कधी लाकूडही चिरते. हातरीमर घ्यावा. भोकाच्या कडेला चिकटपट्टी लावावी, थोडे फिरवावे, काढावे, चावी घालून पाहावी आणि पुन्हा फिरवावे. सतारीची खुंटी बसवणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूच्या आट्यांना थोडे मेण लावावे. कोरड्या कठीण लाकडात छोटा स्क्रू तुटला तर तो काढण्यात अर्धा दिवस जातो. वरचा नट बहुधा १० मिलिमीटरच्या पान्याने आवळतो. तो घट्ट करावा, पण जोर काढू नये. वॉशरखालचा रंग तडकतो.

तार घालताना खांबाचे भोक नटच्या दिशेने ठेवावे, तार ओढून सरळ करावी, पकड आवळावी, मगच चावी फिरवून सुरात आणावी. सुरात आल्यावर जादा टोक कापावे. हे गिऱ्हाइकासमोर करावे, म्हणजे तो घरी जाऊन चार वेढे देत बसणार नाही.

कोणाला विकू नये

फ्लॉइड रोझवाल्याला नको, हे वर आलेच. नायलॉनच्या तारांच्या गिटारला या चाव्या नकोत. शिकाऊ मुलाच्या स्वस्त गिटारवर, जिची एकूण किंमत संचाच्या किमतीएवढीच आहे, तिथेही नकोत. त्याला चांगल्या तारा द्याव्यात आणि नट साफ करून द्यावा. जुन्या, मूळ भागांसह असलेल्या मौल्यवान गिटारला नवे भोक पाडणे तर मालकाने आग्रह केला तरी टाळावे. जुन्या भोकांत बसणारा संच मिळत नसेल तर "हे काम मी करणार नाही" असे सांगण्याची हिंमत ठेवावी. असे सांगितल्याने आजचे एक काम जाते, पण तो मालक दुसऱ्या चार कामांसाठी परत येतो.

धंद्याचा हिशेब

आज गिऱ्हाईक दुकानात येण्याआधीच मोबाइलवर भाव पाहून येते. समजा, एक संच तुम्हाला ४,००० रुपयांना पडतो आणि तोच ऑनलाइन ४,२०० रुपयांना विकला जातो. मालाच्या नफ्यावर तुम्ही या शर्यतीत टिकणार नाही. पुष्कळदा मुलगा संच स्वतःच मागवून फक्त बसवायला आणतो. त्यात चुकीच्या मापाचा संचही निघतो आणि मग रागाने तोच म्हणतो, "कसंही करून बसवा."

यावर रडत बसण्यापेक्षा मजुरीचा दर स्वतंत्र ठरवावा आणि तो पाटीवर लिहावा. तपासणीचे इतके, नट साफ करण्याचे इतके, संच बसवण्याचे इतके, भोक वाढवण्याचे इतके. माल कोठूनही घेतलेला असो, हाताच्या कसबाचे पैसे तेच. तपासणीचा दर घेतल्याने गिऱ्हाइकाला खरे सांगणे दुकानदाराला परवडते, कारण "चाव्यांची गरज नाही" असे सांगूनही दिवसाची मजुरी बुडत नाही. कोणते काम केले, कोणता माल वापरला, मालकाने कशाला संमती दिली, हे पावतीवर लिहून द्यावे. पुढे वाद झाला तर ती पावती दोघांच्याही उपयोगी पडते.

मागणी देण्याआधी मापे घेऊन देण्याची सेवाही ठेवता येते. मुलगा संच ऑनलाइन मागवणारच असेल, तर आधी गिटार दुकानात आणून मापे काढून घ्यावीत आणि त्याचे थोडे पैसे द्यावेत, असे त्याला समजवावे. चुकीचा संच परत पाठवण्याच्या त्रासापेक्षा हे त्याला स्वस्त पडते आणि बसवायचे काम आपोआप तुमच्याकडेच येते.

आता गुरुवारच्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. दुकानदार गिटार घेतो, तारा पाहतो, दांडा दाबून सोडतो. दोन तारा सुराच्या वर थांबतात. तो मुलाला म्हणतो, "बेटा, हे ऐक. तार इथे नटमध्ये अडकते. हे मी आज नीट करून देतो. नव्या तारा टाक, उद्या संध्याकाळपर्यंत वाजवून ताण. शनिवारी सूर टिकला तर चाव्यांचे पैसे वाचले. आणि मंचावर तार लवकर बदलायला चाव्या हव्याच असतील, तर पुढच्या आठवड्यात ये, माप घेऊन तुझ्या भोकात बसेल तोच संच मागवू."

या दुकानदाराने गुरुवारी मोठी विक्री केली नाही. पण त्या मुलाने पुढच्या वेळी चाव्या घ्यायचे ठरवले, तर तो कोणाच्या दुकानात जाईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.